सहा पॉइंटची अक्षरं

शहापूरच्या मागच्या गल्लीत आमचा छापखाना,
खाली मशीन, वर मुचंडीकर मालकांचं घर.
लग्नपत्रिका आता फोनवरूनच जातात,
म्हणून आम्ही लेबलं छापतो:
आईस्क्रीम, टोमॅटो सॉस, बिस्किटं,
आंब्याचं म्हणवणारं एक पेय.

समोर आंबा एवढा मोठा की तोंडाला पाणी सुटावं.
मागे, चिकटवायच्या कडेला, सहा पॉइंटमध्ये
बाकी सगळं.
चारशे बारा. चारशे पंधरा. चारशे सहासष्ट.
दोनशे अकरा.

पाटीवर कन्नड वर की मराठी वर
यावरून या गावात काचा फुटल्यात.
या आकड्यांवरून कुणी
साधा खडाही उचलला नाही.
ते कुणाच्याच भाषेतले नाहीत.

परवा टिळकवाडीत व्याख्यान होतं.
डॉक्टर असुंडी म्हणाले, चारशे बारा म्हणजे
गवारीच्या बिया, दळलेल्या. घाबरता कशाला?
तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या,
मिरजेहून आलेल्या, आतड्यांवर अभ्यास असलेल्या.
भाजीत गवार खाणं वेगळं, म्हणाल्या,
आणि रोज, दर पुड्यातून, चिमूट चिमूट खाणं वेगळं.
उंदरांत दिसलं ते माणसांत दिसेलच असं नाही,
दिसणारच नाही, हेही मी म्हणणार नाही.
मग सिद्ध करा, डॉक्टर म्हणाले.
करतोय की, बाई म्हणाल्या,
तोवर खाणं कुठं थांबलंय?

टाळ्या दोघांनाही पडल्या.
चहा आला, बिस्किटं आली.
सवयीनं पुडा उलटा केला.
लेबल आमचंच.

दुसऱ्या दिवशी आईस्क्रीमवाला होसूर आला, यमकनमर्डीचा.
"काय छापूलालास रे? ते नंबर आणि बारीक कर की."
याहून बारीक केले तर शाई भरते, म्हटलं,
आठाचा नुसता ठिपका होतो.
"मग समोर 'घरगुती' घाल. एक हिरवं पान घाल."
पानाचे पैसे पडत नाहीत.
पानाला नंबर नाही.
मी पान घातलं.

गुरुवारी गोकाकहून निंगव्वा आली.
पिशवीत करदंट, पाव पाव किलोचे पुडे.
इतकी वर्षं ओळखीवर विकले,
आता बेळगावातल्या दुकानात ठेवायचे,
दुकानदार म्हणतो, आधी लेबल आण.
काय काय घालता, अव्वा?
गूळ. खोबरं. खारीक. बदाम.
तुपात फुलवलेला डिंक.

डिंकापाशी माझं बोट थांबलं.
भिंतीवर यादी टांगलेली आहे, तेलकट झालेली.
बाभळीचा डिंक: चारशे चौदा.
तिला सांगितलं.

"बाळंतपणात सासूनं मला हाच घातला.
तेव्हा नंबर कुठं होता?"
आता आहे.
"कुणी दिला?"
मला सांगता येईना.
"वाईट म्हणून दिला, की चांगला म्हणून?"
नुसता ओळखायला, म्हटलं,
आणि म्हणता म्हणता हिंडलग्याच्या तुरुंगाची भिंत आठवली.
तिच्या आतही नंबरच असतात,
कोण सुटणार, कोण नाही, बाहेरून कळत नाही.

निंगव्वानं एक करदंट मोडलं,
अर्धं मला दिलं, अर्धं मशीनवरच्या पोराला.
डिंक दाताखाली कुरकुरला,
मग विरघळला, मग टाळूला चिकटला.
बराच वेळ मला बोलता आलं नाही.
"डिंक लिही," ती म्हणाली,
"खोबऱ्याएवढा मोठा लिही.
नंबर हवा तर तोही लिही, शेजारी.
लपवायला काय चोरलाय?"

बारा पॉइंट घेतले.
मजकूर पुड्यावर मावेना,
फोटोची जागा गेली, धबधबा गेला,
तिच्या नातवानं काढलेलं बदामाचं चित्रही गेलं.
चालेल, म्हणाली, आणि साडेपाचची बस धरली.

शटर ओढायला गेलो तर
होसूरची लेबलं दोरीवर तशीच होती.
पानाची शाई अजून वाळली नव्हती.
बोट लावलं,
हिरवं माझ्या बोटाला आलं.